मधमाशीच्या पोटांतील विरजण

साताऱ्याहून कराडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर उंब्रज हें गांव आहे. सह्याद्रीच्या रांगांतून उतरलेली तारळी येथें कृष्णेला मिळते. कृष्णेचा उगम महाबळेश्वरचा. त्यामुळें उंब्रजच्या संगमावर उभें राहिलें कीं जिल्ह्याचा डोंगर आणि जिल्ह्याचें रान यांची गांठ कशी पडते तें डोळ्यांना दिसतें. येथून पश्चिमेची वाट चाफळच्या खोऱ्यांतून डोंगरी मुलुखांत चढते, आणि पूर्वेकडे मसूरच्या बाजूला सपाट शेतें पसरतात. वर हिरडा, जांभूळ आणि कारवी. खालीं ऊंस, ज्वारी आणि भुईमूग. या दोन्ही मुलुखांत सारख्याच सहजपणें वावरणारा एक लहानसा जीव आहे. तो म्हणजे आपली सातेरी मधमाशी.

या माशीच्या मधाविषयीं आणि तिच्या उद्योगीपणाविषयीं पुष्कळांनीं सांगितलें आहे. आज मला सांगावयाचें आहे तें तिच्या पोटाविषयीं. तिच्या आतड्यांत अतिसूक्ष्म जंतूंची एक वसाहत नांदते आणि माशीचें आरोग्य पुष्कळ अंशीं त्या वसाहतीवर अवलंबून असतें. ही गोष्ट मनुष्याला कशी कळली, आणि कळण्यापूर्वीं त्याच्या हातून काय होऊन गेलें, हा इतिहास मोठा उद्बोधक आहे. त्या इतिहासाचें एक प्रकरण याच सातारा जिल्ह्यांत घडलें.

आपल्या पूर्वजांना मधाची पारख उत्तम होती. सुश्रुतानें मधाचे आठ प्रकार सांगितले आहेत आणि प्रत्येकाचे गुणदोष वेगळे दिले आहेत. आपल्या डोंगरांतील लोकांनाही माश्यांच्या जाती नेमक्या ठाऊक होत्या. उंच कड्यावर एकच मोठें पोळें बांधणारी आग्या, झुडपांत तळहाताएवढें पोळें लावणारी फुलोरी, आणि झाडाच्या ढोलींत किंवा भिंतीच्या पोकळींत अनेक पोळीं समांतर बांधणारी सातेरी, हा भेद त्यांना शिकवावा लागत नसे. परंतु माशी आजारी पडते काय, याचा विचार कोणीं केल्याचें दिसत नाहीं. तें स्वाभाविकच होतें. मध काढणारा मोहोळापाशीं वर्षांतून एकदां जावयाचा, धूर करावयाचा, पोळें कापून परत यावयाचा. पाहुण्याला यजमानाच्या प्रकृतीची चौकशी करण्याचें कारण नव्हतें. मनुष्यानें जेव्हां माशीला स्वतः घर बांधून दिलें तेव्हांच तिच्या दुखण्याची काळजी त्याच्या वांट्याला आली.

तें घर म्हणजे मधुपेटी. १८५१ सालीं अमेरिकेंतील लँगस्ट्रॉथ या धर्मोपदेशकानें सुट्या चौकटींची पेटी काढली आणि पोळें न मोडतां मध काढण्याचा मार्ग मोकळा झाला. सातारा जिल्ह्यांत हा धंदा पद्धतशीर सुरू झाला तो १९४६ मध्यें. त्या वर्षीं मुंबई सरकारच्या ग्रामोद्योग समितीनें महाबळेश्वरीं मधुमक्षिकापालनाचें काम हातीं घेतलें. गेळा, जांभूळ, हिरडा, पिसा आणि कांहीं वर्षांनीं एकदांच फुलणारी कारवी, अशी फुलांची संपत्ति त्या पठारावर आहे. पेट्या गांवोगांव गेल्या, मधोत्पादकांची सहकारी संस्था निघाली, आणि पुढील दहा वर्षांत महाबळेश्वरच्या प्रयोगशाळेंतून तेथील मधुवनस्पतींवर शास्त्रीय लेख प्रसिद्ध होऊं लागले. १ नोव्हेंबर १९६२ रोजीं पुण्यास केंद्रीय मधुमक्षिका संशोधन संस्था स्थापन झाली. तिची धुरा डॉ. गो. बा. देवडीकर या वनस्पतिशास्त्रज्ञांकडे आली. डोंगरांतील माशी आतां शास्त्रज्ञाच्या सूक्ष्मदर्शकाखालीं आली होती.

येथें थोडा वेळ युरोपांत जाऊन येणें अवश्य आहे; कारण महाबळेश्वरीं पुढें जें घडलें त्याची पूर्वकथा तिकडची आहे. पोळ्यांतील अळ्या कुजून मरतात आणि पेटीला दुर्गंधि येते, हा रोग युरोपांतील मधुपालांना अठराव्या शतकापासून माहीत होता. पाश्चरनें रेशमाच्या किड्यांच्या रोगांचा छडा लावल्यानंतर माश्यांच्या रोगांकडेही त्याच दृष्टीनें पाहण्यांत येऊं लागलें. १८८५ मध्यें चेशायर आणि चेन या दोघां इंग्रजांनीं कुजलेल्या अळ्यांतून एक जंतु वेगळा काढला. पुढें अमेरिकेच्या शेतकी खात्यांतील व्हाइट यानें दाखवून दिलें कीं, कुजण्याचे रोग एक नसून दोन आहेत. त्यांपैकीं ज्याला ‘युरोपियन’ हें नांव पडलें त्या रोगाचा खरा कर्ता त्यानें १९१२ मध्यें ओळखला. परंतु तो जंतु प्रयोगशाळेंत वाढेना. तो वाढविण्याची युक्ति १९५० नंतरच्या दशकांत इंग्लंडच्या रोदॅमस्टेड येथील बेली या संशोधकास सांपडली. या जंतूला प्राणवायु फारसा सोसत नाहीं. तो जवळजवळ काढून घेतला तेव्हां जंतु वाढूं लागला.

या काळांतील एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. १९०६ मध्यें व्हाइटनें जो प्रबंध लिहिला त्यांत त्यानें निरोगी माश्यांच्या आतड्यांतील जंतूंचीही नोंद केली होती. म्हणजे आजारी नसलेल्या माशीच्या पोटांतही जंतू असतात, हें तेव्हांच दिसून आलें होतें. परंतु तो काळ शत्रूच्या शोधाचा होता. पटकी, क्षय, प्लेग यांचे कर्ते एकामागून एक सांपडत होते. जंतु म्हणजे रोग, हें समीकरण सुशिक्षितांच्या मनांत पक्कें बसलें होतें. घरांत चोर शिरला असतां घरांतल्या माणसांची गणती कोण करीत बसतो?

आतां पुन्हां आपल्या डोंगरांत येऊं. १९७०च्या सुमारास महाबळेश्वरच्या परिसरांतील सातेरीच्या वसाहतींत अळ्या मरूं लागल्या. पुण्याच्या संस्थेंतील दिवाण, क्षीरसागर आणि त्यांचे सहकारी यांनीं तपास केला आणि भारतीय मधमाशीवर हा नवा जंतुजन्य रोग आल्याचें ‘करंट सायन्स’ या नियतकालिकांत १९७१ मध्यें जाहीर केलें. तो रोग म्हणजे वर सांगितलेला युरोपियन कुजाचाच रोग. ज्याचा इतिहास तोंवर युरोप-अमेरिकेच्या पुस्तकांत वाचावयाचा तो कृष्णेच्या उगमाशीं येऊन उभा राहिला होता.

हा रोग मुळांत पोटाचा आहे. दाई माशी अळीला भरवते त्या अन्नाबरोबर जंतु अळीच्या पोटांत जातो आणि तेथें तिच्याच घांसावर वाढतो. अळी खाते, पण अंगीं लागत नाहीं. अखेर चार-पांच दिवसांची असतांना, तिच्या घराला मेणाचें झांकण लागण्यापूर्वींच ती पिवळसर पडून मरते. एखादी अळी दाईनें भरपूर भरविल्यामुळें तगते. पण कोषावस्थेंत जातांना ती विष्ठेबरोबर जंतु भिंतीवर सोडून जाते आणि पुढच्या पिढीची तरतूद करून ठेवते. बेलीनें या रोगाविषयीं एक मार्मिक गोष्ट दाखविली होती. दाया आणि अळ्या यांचें प्रमाण जेथें बिघडतें तेथें रोग बळावतो. फुलोरा चांगला आला, वसाहत सशक्त झाली, कीं तो पुष्कळदां आपोआप ओसरतो. म्हणजे प्रश्न केवळ जंतूचा नव्हता, घराच्या एकंदर प्रकृतीचा होता.

पण जगभरच्या मधुपालांच्या हातीं तोंवर सोपा उपाय आलेला होता. मनुष्यासाठीं निघालेलें ऑक्सिटेट्रासायक्लिन हें प्रतिजैविक साखरेच्या पाकांत मिसळून पेटींत ठेवलें कीं काम झालें. कित्येक देशांत रोग असो वा नसो, दरवर्षीं खबरदारी म्हणून तें देण्याची वहिवाट पडली. तें औषध शत्रूला मारतें, एवढेंच माहीत होतें. तें आणखी कोणाला मारतें, हा प्रश्नच कोणाच्या मनांत आला नाहीं. कारण आणखी कोणी आहे, हें मोजलेंच गेलें नव्हतें.

ती मोजदाद घडली ती एका संकटामुळें. २००६-०७ च्या हिंवाळ्यांत अमेरिकेंतील असंख्य पेट्या ओस पडल्या. राणी आणि मध जागच्या जागीं, पण कामकरी माश्या बेपत्ता. कारण शोधण्यासाठीं माश्यांच्या शरीरांतील सर्व सूक्ष्म जीवांची जनुकांवरून शिरगणती करण्यांत आली. त्या विपत्तीचा कोणी एकच अपराधी निघाला नाहीं; परंतु वेगळीच एक गोष्ट स्पष्ट होत गेली. कोठल्याही देशांतली मधमाशी घ्या, तिच्या आतड्यांत त्याच त्या आठ-दहा जातींचे जंतू आढळत. मनुष्याच्या पोटांत शेंकडों जाती असतात आणि माणसामाणसांत त्या बदलतात. माशीचें कुटुंब लहान, ठरलेलें आणि पिढीजाद होतें.

या रहिवाशांचें नामकरण २०१२-१३ मध्यें क्वाँग आणि नॅन्सी मोरन या संशोधकांनीं केलें, तेव्हां त्यांनीं जुन्यांचें ऋण फेडलें. एकाला त्यांनीं ‘स्नॉडग्रासेला’ म्हटलें, तें मधमाशीच्या शरीररचनेवर १९१० मध्यें ग्रंथ लिहिणाऱ्या स्नॉडग्रासच्या स्मरणार्थ; दुसऱ्याला ‘गिलियामेला’ म्हटलें, तें माशीच्या जंतूंचा अनेक वर्षें चिकाटीनें अभ्यास करणाऱ्या मार्था गिलियम या बाईंच्या सन्मानार्थ. यांच्या जोडीला दह्यांतील जंतूंच्या गोत्रांतले लॅक्टोबॅसिलस आणि बायफिडोबॅक्टेरियम हेही आहेत.

त्यांची राहण्याची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. माशीच्या मधाच्या पिशवींत मकरंदाची ये-जा सारखी चालू असल्यामुळें तेथें वस्ती विरळ. जठरांतही ती थोडीच. खरी वस्ती मागच्या आतड्यांत. तेथें भिंतीला लागून स्नॉडग्रासेलाचा थर असतो, त्याच्यावर गिलियामेलाचा, आणि अगदीं शेवटच्या भागांत दह्याच्या गोत्रांतल्यांची दाटी. भिंतीजवळचे जंतू प्राणवायु वापरून टाकतात, म्हणून आंतल्यांना हवी असलेली निर्वात जागा तयार होते. पूर्ण वाढलेल्या पाश्चात्य माशीच्या पोटांत त्यांची संख्या दहा कोटींपासून शंभर कोटींपर्यंत जाते.

आणि तरीही, कोषांतून नुकतीच बाहेर पडलेली माशी जवळजवळ निर्जंतुक असते. मग हे जंतू तिला मिळतात कोठून? प्रयोगांत असें दिसलें कीं, कोवळ्या माशीला एकटी ठेवली तर तिच्या पोटांत ही वस्ती नीट बसत नाहीं. थोरल्या बहिणींच्या सहवासांत, पोळ्यावर वावरतांना आणि त्यांच्या विष्ठेच्या सूक्ष्म अंशांतून ती हा वांटा उचलते, आणि चार-सहा दिवसांत तिचें घर भरतें. श्रोतेहो, आपल्याकडील गृहिणींना हें समजावून सांगावयास नको. उत्तम दूध आणलें म्हणून दहीं लागत नाहीं. कालच्या दह्याचें विरजण लागतें. विरजण मोडलें तर शेजारणीकडून आणावें लागतें, आणि साऱ्या आळींतलें मोडलें तर पैसा असून उपयोग नाहीं. मधमाशीच्या घरांतलें विरजण असेंच हजारों पिढ्या एकीकडून दुसरीकडे चालत आलें आहे. एकट्यादुकट्यानें राहणाऱ्या माशीला तें सांभाळतां आलें नसतें. कुटुंबांत राहण्याचें हें एक फळ आहे.

या पाहुण्यांचें घरांत काम काय? पहिलें काम पचनाचें. पराग हेंच माशीचें कसदार अन्न. पण परागकणाचें कवच चिवट असतें. त्यांतील पेक्टिन हा पदार्थ गिलियामेला फोडतो. कांहीं शर्करा माशीला बाधतात. त्याही हे जंतू खाऊन टाकतात. २०१७ सालच्या प्रयोगांत, ज्या माश्यांच्या पोटांत ही वस्ती होती त्यांचें वजन, जंतुरहित माश्यांपेक्षां अधिक वाढलेलें आढळलें. दुसरें काम राखणीचें. भिंतीवर घरच्यांची दाटी असली कीं परक्याला टेकावयास जागा मिळत नाहीं. शिवाय त्यांच्या सहवासानें माशीच्या शरीराची प्रतिकारशक्ति जागी राहते.

यावरून प्रतिजैविकाचा विचार करावयास हवा. २०१७ मध्यें टेक्सास येथें माश्यांना मधुपाल देतात तसें टेट्रासायक्लिन देऊन पाहण्यांत आलें. त्यांच्या आतड्यांतील वस्ती उजाड झाली. पुन्हां पेटींत सोडल्यावर त्यांतल्या जगलेल्या माश्या औषध न घेतलेल्यांपेक्षां कमी भरल्या, आणि एरवीं फारसे न बाधणारे जंतूही त्यांना मारूं लागले. अमेरिकेंत अनेक दशकें हें औषध दिल्यामुळें तेथील माश्यांच्या पोटांतल्या जंतूंत त्याला दाद न देणारीं जनुकें जमा झाल्याचें २०१२ मध्यें आढळलें होतेंच. औषधाचा अंश मधांतही उतरतो. २०१० मध्यें दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनें बाजारांतील १२ नमुने तपासले. त्यांतील ११ नमुन्यांत प्रतिजैविकें सांपडलीं. तेव्हां हा प्रश्न पेटीपुरता उरलेला नव्हता. तो आपल्या देवघरांतील पंचामृतापर्यंत आला होता.

कोणी म्हणेल, विरजण मोडलें तर बाहेरचें आणून घालूं. परंतु येथें दह्याची उपमा अपुरी पडते. १९६९ मध्यें स्कार्डोव्ही आणि ट्रोव्हाटेली या इटालियन संशोधकांनीं आशियाई मधमाशीच्या पोटांतील एका जंतूला ‘इंडिकम’ हें नांव दिलें, तेव्हांच आपल्या माशीची वसाहत स्वतंत्र नोंदविण्यास आरंभ झाला. पुढें दिसून आलें कीं, जंतूंचीं गोत्रें सर्व मधमाश्यांत सारखीं असलीं तरी त्यांचे वंश यजमानाबरोबर वेगळे होत गेले आहेत. भुंग्यासारख्या मोठ्या माशीचा स्नॉडग्रासेला मधमाशीच्या पोटांत मूळ धरीत नाहीं. सातेरीचें विरजण सातेरीच्याच घरांत मिळतें.

म्हणूनच या शोधाचें महत्त्व सातारा जिल्ह्याला विशेष आहे. १६ मे २०२२ रोजीं महाबळेश्वर तालुक्यांतील मांघर हें देशांतील पहिलें ‘मधाचें गांव’ म्हणून जाहीर झालें. घरटीं पेट्या असलेल्या अशा गांवांत एका पेटीचा आजार पुष्कळांच्या चुलीशीं जाऊन भिडतो. महाबळेश्वरीं पावसाळ्यांत ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. माश्यांना बाहेर पडतां येत नाहीं आणि साखरेच्या पाकावर दिवस काढावे लागतात. साखरेनें पोट भरतें, पण पराग मिळत नाहीं. ज्या जंतूंचें जगणेंच परागाच्या कवचावर, त्यांची या काळांत काय अवस्था होत असेल याची कल्पना करावी. पाऊस उघडल्यावर वसाहत दुबळी दिसली म्हणजे औषधाच्या पुडीकडे हात जाणें साहजिक आहे. आणि नेमका तोच हात आवरला पाहिजे. कुजल्यासारख्या दिसणाऱ्या सर्वच अळ्या जंतूनें मेलेल्या नसतात, हेंही ध्यानांत घ्यावें. १९९१-९२ मध्यें दक्षिण हिंदुस्थानांतील सातेरीच्या वसाहतींचा ज्यानें संहार केला तो थाई सॅकब्रूड रोग विषाणूचा होता. विषाणूवर प्रतिजैविकाचा काडीइतकाही परिणाम होत नाहीं, घरचे जंतू मात्र त्यानें मरतात.

डोंगरांतील मधुपालाचें हें जसें कर्तव्य, तसें खालच्या रानांतील शेतकऱ्याचेंही एक आहे. ग्लायफोसेट हें तणनाशक तणावर मारावयाचें असलें तरी २०१८ मध्यें असें आढळलें कीं, माशीच्या पोटांत गेल्यावर तें तिच्या स्नॉडग्रासेलाची संख्या घटवितें. बांधावरचें तण फुलोऱ्यावर असतांना फवारा मारला तर त्याचा घांस माशीच्याही तोंडीं जातो. उंब्रजच्या आसपास कांदा बियाण्यासाठीं ठेवणाऱ्याला किंवा वेलभाजी लावणाऱ्याला याचा जाब पुढें पिकांतच मिळतो. कारण त्यांचीं फळें आणि बीं धरणें माशीच्या फेऱ्यांवर अवलंबून असतें.

उपाय फार मोठे नाहींत, पण ते सांभाळण्याचे आहेत. वसाहत सशक्त ठेवावी. जुनीं काळीं पोळीं वेळच्या वेळीं काढावीं. दुबळी वसाहत सशक्त वसाहतींत मिळवावी, पण ती रोगट नाहीं याची आधीं खात्री करून. रोग आलाच तर राणी बदलून अळ्यांची पैदास कांहीं काळ थांबवावी, म्हणजे दायांना घर स्वच्छ करण्यास उसंत मिळते. औषध द्यावयाचें तें परीक्षा करून, जाणत्याच्या सल्ल्यानें आणि शेवटीं. बांधावर आणि परसांत आळीपाळीनें फुलणारीं झाडें असावींत, म्हणजे परागाचा खंड पडत नाहीं.

१८८५ पासून जवळजवळ सव्वाशें वर्षें मनुष्य माशीच्या पोटांतील जंतूंकडे शत्रु म्हणून पाहत होता, आणि शत्रु तेथें खरोखरच होता. महाबळेश्वरच्या अळ्यांनीं तें दाखवून दिलें. चूक शोधांत नव्हती. शत्रूला शोधतांना घरच्या मंडळींची ओळख करून घ्यावयाची राहून गेली, एवढेंच. ती ओळख आतां झाली आहे. सातेरीनें आपलें विरजण कोणाच्याही मदतीवांचून आजवर राखलें. तिला आपण घर दिलें असेल तर तें मोडणार नाहीं, एवढी खबरदारी घेणें आपल्याकडे आलें आहे.